वीतभर गुरुजी

साधा प्रश्न विचारायची सोय नाही, अशी काही माणसं प्रत्येक गावात असतात. वकिलाला विचारलं तर फी लागते, ज्योतिषाला विचारलं तर शांत करावी लागते. आमच्या गुरुजींना विचारलं तर उत्तर आपलं आपल्यालाच द्यावं लागतं.

‘गुरुजी, आज तारीख किती हो?’

‘परवा काय होतं, तात्या?’

‘परवा... एकादशी.’

‘छान. एकादशीलाच तुम्ही बँकेत गेला होतात. पासबुकावर नोंद असेल. आता काढा तारीख.’

तारीख निघते, खोटं कशाला बोला. पण ज्या कामासाठी ती हवी होती, त्या कामाची खिडकी तोवर बंद झालेली असते.

खुटबाव म्हणजे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर यवत आणि केडगावच्या मधलं गाव. भोवती ऊस, उसाच्या मधेमधे गुऱ्हाळं आणि सकाळ-संध्याकाळ पॅसेंजरच्या वेळेवरून चाललेली चर्चा. गुरुजींची शाळा जिल्हा परिषदेची, गावठाणाबाहेर वस्तीवरची. पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. दुसऱ्या बाईंना कधी प्रशिक्षण, कधी मतदार याद्यांचं काम. त्यामुळं वर्षातले कितीतरी दिवस चारही इयत्ता एकट्या गुरुजींच्या पुढ्यात असतात. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. ही समिती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आली. पालकांनी शाळेवर लक्ष ठेवावं, असा त्यामागं हेतू. आमच्याकडं गुरुजीच पालकांवर लक्ष ठेवून असतात.

गप्प राहणं ही या माणसाची मुख्य विद्या. वर्गात प्रश्न टाकला की ते हात पाठीमागं बांधतात आणि खिडकीबाहेरच्या बाभळीकडं बघत उभे राहतात. पाठीमागच्या हाताची बोटं मात्र एकेक करून मिटत असतात. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये बसून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर पोरं जास्त बोलतात, विचार करून बोलतात, आणि एरवी भिंतीला चिकटून बसणारीही तोंड उघडतात. गुरुजींनी हे कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं आणि परस्पर तीनाचे पाच केले. ‘आपल्याकडच्या उन्हात एवढं लागतंच,’ म्हणाले.

वर्गात हे ठीक आहे. पण फोनवर? ‘गुरुजी, उद्या सकाळी मोटार चालू करू का?’ असं विचारावं तर पलीकडं शांतता. रेंज गेली म्हणून आपण हॅलो हॅलो करत अंगणात येतो, तिथून जिना चढून गच्चीवर जातो. गच्चीवर वारा लागला की आपल्यालाच आठवतं, की या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. तसं बोलून दाखवावं तर फोनमधून आवाज येतो, ‘बरोबर.’ आणि फोन ठेवला जातो. दम लागतो आपल्याला आणि सल्ला दिल्याचं पुण्य त्यांना.

त्यांच्या टेबलावर एक डबा असतो. यात्रेत पोरांनी चोखलेल्या गारीगारच्या काड्या धुऊन, वाळवून त्यांवर एकेक नाव घातलेलं. वर्गात उत्तरासाठी हात वर करायला बंदी आहे. ‘हात वर करणारी चार पोरं सगळीकडं असतात,’ गुरुजी सांगतात, ‘आणि बाकीची त्या चार हातांच्या सावलीत झोपतात.’ म्हणून काडी काढायची. ज्याचं नाव निघेल त्यानं बोलायचं. बोलून झालं की काडी पुन्हा डब्यातच, म्हणजे ‘आपली पाळी झाली’ म्हणून सुटकेचा श्वास सोडायचीही सोय नाही. ‘माहीत नाही’ म्हटलेलं चालतं. गुरुजी मान डोलावतात, आणखी दोघांना विचारतात आणि फिरून त्याच पोराकडं येतात. ‘या दोघांचं ऐकलंस. कुणाचं पटलं? का बरं?’

एकदा हा डबा समितीच्या बैठकीत आला. काड्यांवर आमची नावं. पहिली काडी माझी निघाली. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला आणि किती उरला पाहिजे? मी म्हटलं, माहीत नाही. गुरुजींनी प्रेमानं मान डोलावली, दोन बायकांना विचारलं आणि माझ्याकडं परत आले. ‘तात्या, यांतलं कुणाचं पटलं?’ त्या दिवसापासून सदस्य मंडळी प्रोसिडिंगचं रजिस्टर घरी नेऊन वाचायला लागली. एकानं राजीनामा दिला. तो गुरुजींनी ‘कारण सविस्तर लिहावे’ असा शेरा मारून परत पाठवला.

आता ‘वीतभर’ हे नाव कसं पडलं ते सांगतो. लोणी काळभोरला शिक्षकांची प्रशिक्षण संस्था आहे, तिला सगळे डाएट म्हणतात. (गुरुजींच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं म्हणणं, ‘डाएटला जातात आणि जिलबी खाऊन येतात.’) तिथं गुरुजींना लेव वायगॉट्स्की भेटला. हा रशियातला मानसशास्त्रज्ञ, १९३४ साली सदतिसाव्या वर्षीच वारला. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी, की एक काम पोराला एकट्याला जमतं आणि एक काम कुणाच्या मदतीनंही जमत नाही. या दोहोंच्या मधला जो पट्टा, मदत मिळाली तर जमेल असा, तिथंच शिकणं होतं. गुरुजी संध्याकाळच्या गाडीनं परतले ते हा पट्टा डोक्यात घेऊनच. स्टेशनवर भेटले तेव्हा म्हणाले, ‘तात्या, पोराचा हात पोचतो त्याच्या वीतभर वर काम ठेवायचं. हातात दिलं तर पोरगं झोपतंय. पुरुषभर वर ठेवलं तर पळून जातंय. वीतभर!’

दुसऱ्या माणसानं ही गोष्ट वहीत लिहून ठेवली असती. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी वर्गात आडव्या तीन दोऱ्या बांधल्या. एक पोराच्या छातीएवढी, एक डोक्यावर, एक उडी मारल्याशिवाय न मिळणारी. दोऱ्यांना चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक काम. विषय तिन्ही दोऱ्यांना एकच, खोली वेगळी. खालच्या दोरीवर असतं, ‘पंचवीस पेनं, एक पेन बारा रुपयांना. पैसे किती?’ मधल्या दोरीवर, ‘हेच उत्तर दोन रीतींनी काढ.’ वरच्या दोरीवर, ‘उत्तर तीनशेच येईल अशी तुझ्या दुकानातली गोष्ट तयार कर आणि शेजाऱ्याला अडकव.’ चिठ्ठी कुठली घ्यायची ते पोरानं ठरवायचं. नियम एवढाच, की एकाच दोरीवर लागोपाठ तीनदा हात घालायचा नाही. आणि उडी मारणाऱ्याला कुणीही खांदा द्यायला हरकत नाही. ‘मात्र चिठ्ठी त्यानंच काढायची,’ गुरुजी बजावतात.

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनाही दोरीपुढं उभं केलं. साहेबांनी खालची चिठ्ठी घेतली. दुसरीतली एक पोर हळूच त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, ‘सायेब, जरा वरची घ्या की. म्या हाय.’

दोऱ्यांना लागलेले चिमटे वहिनींचे होते. त्या आठवड्यात त्यांची दोन लुगडी वाऱ्यावर उडून आमच्या उसात गेली. त्या गोष्टीचा निकाल अजून लागलेला नाही.

शाळेत इयत्ता आहेत, पण त्या हजेरीपटावर. जमिनीवर असतात सतरंज्या. अक्षरांवर अडलेल्यांची एक, शब्द वाचणाऱ्यांची दुसरी, परिच्छेद वाचणाऱ्यांची तिसरी, गोष्टीची पुस्तकं घेऊन लोळणाऱ्यांची चौथी. ‘प्रथम’ संस्थेची माणसं ‘असर’च्या पाहणीत पोरांची पातळी अशीच बघतात. तिथं ती अहवालासाठी बघतात, गुरुजी सतरंजीसाठी. गणिताला पुन्हा वेगळी बसवण. एकदा एक बाप तावातावानं आला. चौथीतला पोरगा दुसरीच्या पोरांत बसवलाय, भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. गुरुजींनी त्याला वाचनाच्या तासाला न बोलता मागं बसवलं. मग गणिताच्या तासालाही बसवलं. तिथं त्याच पोराभोवती चारही इयत्तांतली पोरं गोळा झाली होती आणि तो काड्यांचे गठ्ठे मांडून हातच्याची वजाबाकी समजावून सांगत होता. बाप गप्प झाला. ‘आता तुम्हीच सांगा, याची इयत्ता कुठली?’ गुरुजी म्हणाले आणि बाभळीकडं बघायला लागले. बापाला पाच सेकंद पुरले नाहीत. तो घरी जाऊन दोन दिवसांनी परत आला. म्हणाला, ‘दोन्ही.’

हुशार पोरांच्या आईबापांची तक्रार उलटी. ‘गुरुजी, माझ्या पोराचं सगळं झालंय. त्याला स्कॉलरशिपचं पुस्तक द्या आणि बाजूला बसवा.’ यावर गुरुजींचं ठरलेलं वाक्य आहे, ‘झालंय म्हणजे काय, बघू.’ मग पोराला एखादं फसवं गणित मिळतं, ज्यात माहिती जास्त आहे किंवा कमी आहे. पोरगं ओठ चावतं, पाटी पुसतं, रडवेलं होतं. त्याची आई शाळेच्या फाटकाशी येऊन थांबते. गुरुजी तिलाही गणित देतात.

फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकोन आखलेला आहे आणि वर लिहिलं आहे, ‘आजची झकास चूक’. रोज एक चूक तिथं सन्मानानं बसते. नाव लिहायचं नाही, चूक लिहायची, आणि ती करणाऱ्याला काय वाटलं असेल ते बाकीच्यांनी ओळखायचं. एकदा तिथं ‘सत्तावीस = ७२’ असं होतं. सगळी हसली. गुरुजी म्हणाले, ‘हसू नका. यानं नीट ऐकलंय. आधी सात ऐकू आलं, आधी सात लिहिला.’ २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचायची रीत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. विधिमंडळापर्यंत विषय गेला. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंना जागोजागी खुलासे करावे लागले. आमच्या पारावरही सभा भरली. एक म्हातारबाबा काठी आपटून म्हणाले, ‘आता काय आमी वीस सात रुपये शेर दूध घालायचं?’ गुरुजींनी त्यांना पाणी दिलं. ‘बाबा, सत्तावीस म्हणायचंच हाय. पण ज्याला आधी सात ऐकू येतंय, त्याला घडीभर वीस दिसू द्या. मग त्यो तुमच्यापेक्षा जोरात सत्तावीस म्हणंल.’ आणि तिथंच थांबतील ते गुरुजी कसले? त्यांनी बाबांना पावकी, अडीचकी, औटकी म्हणायला शाळेत बोलावलं. बाबा आता गुरुवारी येतात, पोरांना औटकी म्हणून दाखवतात आणि पोरांनी ‘का बरं?’ विचारलं की चिडतात.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचा बोलबाला झाला, त्या वेळचीही एक गोष्ट आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथल्या शाळांत ज्ञानरचनावादाचं काम उभं राहिलं होतं. वर्गाच्या फरशीवरच अक्षरं, आकडे, रेघा रंगवलेल्या, पोरं त्यांवर बसून आपली आपण शिकताहेत. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडं लागल्या. २०१५ मध्ये सरकारनं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू केल्यावर तर फरशी रंगवली नाही अशी शाळा सापडेना. गुरुजी जाऊन आले आणि शाळा रंगवून झाल्यावर त्यांच्याकडं ऑइलपेंट उरला. त्यांच्या घराच्या जिन्याला ० ते १७ आकडे आहेत. उंबरा शून्य. पाहुणे आले की त्यांना सतरापर्यंत चढवतात आणि पाचने उतरायला सांगतात.

आता नोंदवहीबद्दल. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि शिक्षकानं प्रत्येक पोराबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असं ठरलं. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात. ‘गणितात रस घेतो’, ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘वाचनात प्रगती आवश्यक’. उचलायचं आणि लावायचं. गुरुजींची वही मी समितीच्या हक्कानं चाळली आहे. त्यातले काही नमुने, नावं गाळून:

‘दहा सुट्यांचा दशक करताना एक सुटा खिशात घालतो. चौकशी चालू.’

‘मोठ्यानं वाचते तेव्हा अडखळते. मांजरीला वाचून दाखवते तेव्हा अडखळत नाही. मांजर शाळेत आणण्यास परवानगी दिली.’

‘उत्तर बरोबर. रीत सांगत नाही. रीत शेजाऱ्याची असावी.’

‘आज पहिल्यांदा मला म्हणाला, गुरुजी तुमचं चुकलं. खरंच चुकलं होतं.’

शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तारीख घातली होती. पगारवाढीच्या पत्रावरही त्यांनी कधी एवढी सुंदर रेघ मारली नसेल.

या माणसाला रागावलेलं मी क्वचित पाहिलं. एकदा पाहिलं ते असं. दिवाळी झाली की कारखान्यांच्या टोळ्या येतात. बीडकडची ऊसतोड मंडळी रानात खोपी टाकून राहतात. त्यांतली पोरं शाळेत येतात आणि पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, निघून जातात. एका वर्षी एक पोर आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शिक्षण हमी पत्रक. गावोगावच्या शाळा पाहिलेली, आणि प्रत्येक शाळेत पुन्हा ‘अ’पासून गिरवून घेतलेली. बैठकीत कुणीतरी कळवळ्यानं म्हणालं, ‘चार महिन्यांची पाहुणी बिचारी. गुरुजी, तिला जरा सांभाळून घ्या. अवघड देऊ नका.’

गुरुजींनी चष्मा काढला. ‘सांभाळून घ्या म्हणजे काय करू? रंगवायला चित्र देऊन कोपऱ्यात बसवू? चार महिनं हायेत म्हणून तर तिला अवघड पायजे. मदत लागंल तेवढी देतो. काम हलकं करणार नाही.’

तिला त्यांनी उसाच्या मोळ्यांचं गणित घातलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत इतक्या मोळ्या, एका मोळीचं वजन इतकं, तर ट्रॉलीत ऊस किती? पोरीनं चिठ्ठी वाचली. अक्षराला अक्षर लावत, घाम पुसत. मग चिठ्ठी परत दिली. ‘एवढ्या मोळ्या ट्रालीत बसतच न्हाईत. ह्ये गणित कुणी केलंय?’ गुरुजींनी केलं होतं. त्या दिवशीची झकास चूक गुरुजींची. मग तिनं स्वतः आकडे दिले, मधल्या दोरीसाठी. त्या आकड्यांवर आमच्या बागायतदारांच्या पोरांनी तीन दिवस डोकं खाजवलं. पोर गेली तेव्हा गुरुजींनी तिच्या पत्रकासोबत एक कागद जोडला. पुढच्या शाळेतल्या शिक्षकासाठी लिहिला होता. ‘हिला अ पासून सुरुवात करू नये. ही मोळ्यांत पटाईत आहे. तिथून सुरुवात करावी.’

गुऱ्हाळावरच्या पोराची तऱ्हा वेगळी. आमच्या भागात बरीच गुऱ्हाळं उत्तर प्रदेशातून आलेली माणसं चालवतात. त्यांतल्या एकाचा पोरगा वर्गात बोलतच नव्हता. मराठी कळायचं, जीभ वळायची नाही. गुरुजींनी सगळी शाळाच गुऱ्हाळावर नेली. लहानांनी ढेपा मोजायच्या, मधल्यांनी एका टन उसाला साधारण शंभर किलो गूळ धरून हिशेब करायचा, मोठ्यांनी चुलाणाला चिपाडं किती लागतात याचा अंदाज बांधायचा. आणि पाक झाला हे कसं ओळखायचं, ते त्या पोरानं दाखवायचं. त्यानं काहिलीतला थेंब पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळली आणि मान हलवली. झालं.

‘कसं कळलं?’ गुरुजी.

‘बस, हो गया.’

‘का बरं?’

पोरानं गुरुजींकडं पाहिलं, पाठीमागं हात बांधले, आणि चुलाणाकडं बघत उभं राहिलं. बराच वेळ. मग म्हणालं, ‘आप बताओ. अंदाजा.’

गुरुजींना एवढा आनंद झालेला मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मोठ्या बक्षिसांची गोष्ट निघाली की गावाला गुरुजींची कीव येते. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये. पारावर एकच चर्चा. ‘गुरुजी, तुमचं कधी?’ शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचंही नाव त्याआधी गाजलं होतं, तेव्हाही हाच प्रश्न. डिसल्यांना बक्षीस मिळालं तेव्हा कोरोनामुळं शाळेला कुलूप होतं आणि गुरुजी वस्त्यावस्त्यांवर ओट्यांवर चार-चार पोरं लांब लांब बसवून शिकवत होते. डिसल्यांनी बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून द्यायचं जाहीर केलं, आणि गुरुजींना आयतं गणित मिळालं. खालची दोरी: सात कोटीत शून्यं किती? सात निघाली, पोरं खूश. मधली: निम्मे किती? औटकीवाले बाबा लांबून ओरडले, ‘औट कोटी!’ वरची: ते नऊ जणांत वाटा. एका पोरानं ओट्यावर खडूनं भागाकार मांडला. अडतीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे अठ्ठ्याऐंशी, आणि पुढं आठ, आठ, आठ. ओटा संपला, पायरी संपली, पोरगं अंगणात उतरलं. ‘गुरुजी, आठ थांबंनात!’

‘का बरं?’ गुरुजी म्हणाले. सात कोटींबद्दल त्यांना पुढं काही विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गुरुजींना पुरून उरल्या त्या फक्त वहिनी. त्या शाळेत गेल्या त्या सातवीपर्यंत, पण इतकी वर्षं घरात प्रशिक्षण चालू आहे. परवा मी चहाला गेलो होतो. गुरुजी घरभर फिरत होते. ‘माझा चष्मा कुठाय गं?’

‘सकाळी पेपर कुठं वाचलात?’

‘ओट्यावर.’

‘मग?’

गुरुजींनी ओटा पाहिला. नव्हता. वहिनी गप्प. पदराआड त्यांची बोटं मिटत होती, मी पाहिलं. ‘त्यानंतर कुठं गेलात?’ अखेर गुरुजींना आठवलं. मोरीतल्या कोनाड्यात चष्मा सापडला. ‘बघितलंत?’ वहिनी मला म्हणाल्या, ‘सांगितलं असतं तर उद्या परत विचारलं असतं. अन् आता तात्या, ते माझे चिमटे कुठायत, हे तुमच्या मित्राला विचारा. मी बारा वर्षं थांबलेय.’

माझा थोरला त्यांच्याच हाताखाली शिकला. डॉक्टर झाला नाही, साहेब झाला नाही. चौफुल्याजवळ ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलंय, बरं चाललंय. तक्रार एकच येते. गिऱ्हाईक विचारतं, ‘गाडी का बंद पडली?’ आणि हा पाठीमागं हात बांधून म्हणतो, ‘तुम्हाला काय वाटतंय?’ लोक वैतागतात, पण परत येतात. काहींनी तर येणं बंद केलंय, कारण आता ते घरीच दुरुस्त करतात. धंद्याच्या दृष्टीनं हे शिक्षण मला अजून पटलेलं नाही.

पुढच्या वर्षी गुरुजी रिटायर होतात. गावाला थोडी आशा आहे, पण फार नाही, कारण रोग पसरलाय. पतपेढीच्या खिडकीत त्यांचाच एक विद्यार्थी बसतो, मेडिकलच्या काउंटरला एक विद्यार्थिनी. दोघांकडूनही काम होतं, पण सरळ होत नाही. परवा एक परगावचा माणूस स्टेशनवर उतरून बाहेर आला. गुरुजींच्या घराचा पत्ता विचारला. सायकलवर एक पाय टेकून उभं असलेलं पोरगं म्हणालं, ‘आधी कधी आला होता का? मग कुठवर आठवतंय?’ माणूस कावला. ‘अरे बाबा, नुसतं बोट करून दाखव ना!’

पोरानं दाखवलं, पण पहिल्या वळणापर्यंतच. पुढच्या वळणावर दुसरं पोरगं असतंच.